वेबसाइट कशावर उभारायची? आधी वही काढा

दिवाळीनंतर समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई आमच्या दुकानात आल्या. "भाऊ, हळदीसाठी वेबसाइट पायजे. फुकटातली कोनती?" वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरगावचे फोन येतात, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून त्या थकल्या होत्या. मी त्यांना कंपनीचं नाव सांगितलं नाही, वही काढायला लावली.

वहीत तीन गोष्टी लिहा. साइटवर पैसे घ्यायचे की नुसती माहिती लावायची? मजकूर किती वेळा बदलणार? आणि तो बदलणार कोण? तिसऱ्या प्रश्नाला "पोरगं करील" हे उत्तर मी घेत नाही. पोरगं बारावी झालं की नागपूरला जातं.

मग पत्ता घ्या, म्हणजे डोमेन. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच माणूस फसतो. माझ्या पहिल्या साइटचं डोमेन ती बनवून देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे गेली, त्याने फोन उचलला नाही, साइट बंद. पाकिटांवर छापलेला पत्ता वाया गेला. म्हणून खातं तुमच्या ईमेलवर आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर. पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त दाखवतात, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा विचारूनच पैसे भरा. देवनागरीत .भारत पत्ताही मिळतो, पण पाकिटावरून टाइप करणाऱ्याला मराठी कीबोर्ड लागतो. मी .इन घेतो.

आता प्लॅटफॉर्म, म्हणजे साइट ज्यावर उभारायची ती सेवा. नुसतं लिहायचं असेल, शेतीचे अनुभव, पाककृती, गावाच्या गोष्टी, तर ब्लॉगर पुरे. ते गुगलचं आहे, फुकट आहे आणि स्वतःचं डोमेनही जोडता येतं. दिसायला जुनाट, पण देखभाल शून्य. वर्डप्रेसची दोन रूपं आहेत आणि तिथे भलेभले गोंधळतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचं सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, आपण विकत घ्यायचं आणि अपडेट, बॅकअप (साइटची जपून ठेवलेली प्रत) आपणच सांभाळायचे. बैलजोडी घेण्यासारखं आहे ते, कामाला चोख, पण रोज चारापाणी पाहावं लागतं. विक्स ही आणखी एक तयार सेवा, तिच्यावर चित्रं ओढून पान चटकन बनतं. फुकट योजनेत मात्र त्यांची जाहिरात दिसते आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. शिवाय तिथली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. शॉपिफाय म्हणजे साइटवरच माल विकून पैसे घेणारं खरं दुकान आहे, पण भाडं महिन्याचं. ताईंचा माल निघतो तीन-चार महिने, मग बाकीचे महिने भाडं कशाचं भरायचं?

ठरवण्याआधी एक पान करून पाहा. मराठी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या मोबाइलवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टचा मजकूर तसाच चिकटवला तर 'हळद'च्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. फोटो लहान करून टाका. मग वायफाय बंद करून, वावरात जिथे रेंजची एकच काडी दिसते तिथे जाऊन पान उघडा. आमचं पहिलं पान तिथे उघडेपर्यंत माझा चहा संपला. दोष प्लॅटफॉर्मचा नव्हता, वाळवणाचे नऊ मोठे फोटो होते. दोन ठेवले, पान पटकन आलं.

ताईंनी ब्लॉगर घेतलं. वर हळदीचा भाव, खाली व्हॉट्सॲपचं बटण, पैसे यूपीआयने. तिसऱ्या प्रश्नापुढे त्यांनी वहीत स्वतःचंच नाव लिहिलं होतं, म्हणून भाव बदलायचा कसा तेवढं दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिलाच नाही. "आता मले करू द्या," म्हणाल्या.