लेआउटवरचा सिग्नल: बिघडला तरी लालच दाखवला पाहिजे

नागपूरचा माणूस घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडायला बसला की त्यात डायमंड क्रॉसिंग हमखास येतं. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मार्ग आपल्याच स्टेशनाजवळ एकमेकांना छेदतात, तेव्हा हा हट्ट समजण्यासारखा आहे. पण रूळ बसले, गाडी धावली, तरी सिग्नल बहुतेक ठिकाणी शोभेपुरतेच उभे असतात. पॉइंट (गाडीची वाट बदलणारा रुळांचा सरकता भाग) भलतीकडे वळलेला आणि सिग्नल खुशाल हिरवा! खऱ्या रेल्वेत रिलेचा (करंट मिळाला की ओढला जाणाऱ्या स्विचचा) करंट तुटला की सिग्नल लालवर जातो, आणि दिवाच विझला असेल तर लोको पायलट तो लाल समजूनच थांबतो. ही शिस्त घरच्या लेआउटवर आणायला फार खर्च येत नाही.

सामान

एका सिग्नलसाठी: लाल-पिवळा-हिरवा असा तीन दिव्यांचा एलईडी सिग्नल, 12 व्होल्ट डीसी 1 अँपिअरचा अडॅप्टर, 12 व्होल्टचा डबल पोल (आत दोन स्वतंत्र स्विच असलेला) रिले, 1एन4007 डायोड, दोन छोटे टॉगल स्विच, पॉइंटला लावायला एक मायक्रोस्विच (हलक्या दाबाने लागणारा छोटा स्विच), 7/36 ची हुकअप वायर चार-पाच रंगांत आणि मल्टिमीटर. सीताबर्डीच्या बाजारात रेझिस्टर मागितले की दुकानदार विचारतोच, "भाऊ, पाव वॅट देऊ का अर्धा?" पाव वॅट पुरे. 2.2 के (किलो-ओहम) आणि 4.7 के असे दोन्ही घ्या, पैशाला पासरी मिळतात.

गाडीच्या कंट्रोलरवरून सिग्नलला करंट घेऊ नका. डीसी कंट्रोलरचं व्होल्टेज गाडीच्या वेगाबरोबर वर-खाली होतं आणि दिशा बदलली की प्लस-मायनसही उलटतं. सिग्नलचा अडॅप्टर वेगळाच हवा.

आधी टेबलावर

सिग्नल लेआउटवर रोवण्याआधी प्रत्येक दिवा तपासा. बाजारातल्या बऱ्याच सिग्नलमध्ये सगळ्या एलईडींचं प्लस टोक एकच असतं, पण गृहीत धरू नका. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल प्रोब कॉमन (सगळ्या दिव्यांच्या सामाईक) तारेला आणि काळी एकेका तारेला टेकवा. दिवा मंद पेटला तर कॉमन प्लस आहे. काहीच पेटलं नाही तर प्रोब उलट करून बघा. हिरवा एलईडी काही मीटरवर पेटत नाही, कारण त्याला 3 व्होल्टच्या आसपास लागतात. लाल-पिवळ्याचं 2 व्होल्टमध्ये भागतं. पुढची जोडणी कॉमन प्लस धरून दिली आहे. 12 व्होल्ट थेट एलईडीला कधीच देऊ नका, क्षणात जळतो.

आता रेझिस्टर. 12 मधून 2 वजा केले, उरले 10 व्होल्ट. 2.2 के रेझिस्टरमधून त्यावर साधारण 4.5 मिलीअँपिअर करंट जातो आणि घरातल्या उजेडात तेवढा पुरतो. हिरवा बहुधा डोळ्यांत खुपतो, त्याला 4.7 के लावा. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर असला की उजेड असा एकेकाचा जुळवता येतो. सोल्डरिंग 25 वॅटच्या आयर्नने करा, टोक दोन-तीन सेकंदांवर टेकवू नका आणि प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढवा. सिग्नलच्या खांबातून येणाऱ्या केसासारख्या तारांवर वार्निश असतं. ते खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, वरवर मात्र चिकटल्यासारखं दिसतं.

जोडणी

1. सिग्नलची कॉमन तार अडॅप्टरच्या प्लसला जोडा. तिला एकच रंग ठरवा, समजा निळा, आणि लेआउटभर तोच पाळा.

2. रिलेच्या पहिल्या पोलची कॉमन पिन मायनसला जोडा. रिले बंद असताना जी पिन कॉमनला चिकटलेली असते (मीटरची बीप ऐकून ओळखा), तिच्यावर लाल दिव्याची तार रेझिस्टरमार्गे आणा.

3. रिले ओढल्यावर, म्हणजे त्याच्या कॉइलला करंट मिळाल्यावर, जी पिन जुळते, तिथून तार पहिल्या टॉगलच्या मधल्या टोकाला न्या. टॉगलच्या एका टोकाला पिवळा, दुसऱ्याला हिरवा, दोन्ही आपापल्या रेझिस्टरमार्गे.

4. कॉइलचं एक टोक प्लसला. दुसरं टोक आधी पॉइंटच्या मायक्रोस्विचमधून, मग पॅनेलवरच्या दुसऱ्या टॉगलमधून मायनसला. कॉइलवर आडवा डायोड टाका, डायोडवर पट्टी रंगवलेलं टोक प्लसकडे. तो उलटा लागला तर रिले ओढताना अडॅप्टर शॉर्ट होईल.

सगळं मर्म चौथ्या पायरीत आहे. पॉइंट पूर्ण बसला नाही, तार निसटली, टॉगलचा जोड तुटला, यातलं काहीही झालं तरी कॉइलचा करंट तुटतो, रिले सुटतो आणि लाल लागतो. मायक्रोस्विच मात्र पॉइंटच्या सरकत्या पट्टीवर बसवा. मोटरच्या दांड्यावर बसवला आणि दांडा पट्टीपासून सुटला, तर पॉइंट अर्धवट असतानाही स्विच "ठीक" सांगत राहतो.

डायमंडसाठी रिलेचा दुसरा पोल कामी येतो. मुंबई मार्गाच्या रिलेची बंद असताना जुळलेली जोडी दिल्ली मार्गाच्या कॉइलच्या वाटेत टाका, आणि दिल्लीची मुंबईच्या. ज्याला आधी वाट मिळाली त्याचा सिग्नल निघतो, दुसऱ्याचं टॉगल कितीही खटखटवलं तरी तो लालच राहतो.

खांब गाडी येते त्या दिशेच्या डाव्या हाताला रोवा. दिवे वरून खाली हिरवा, पिवळा, लाल.

चाचणी: मुद्दाम बिघडवा

अडॅप्टर लावण्याआधी प्लस-मायनसमध्ये बीप वाजत नाही ना, ते बघा. मग करंट द्या. टॉगल न दाबता लाल लागला पाहिजे. पॉइंट सरळ करून टॉगल दाबा, पिवळा-हिरवा बदलून बघा. एका वेळी एकच दिवा लागला पाहिजे. दुसरा मिणमिणत असेल तर कुठेतरी दोन तारा एकमेकींना लागल्या आहेत.

सिग्नल हिरवा असताना कॉइलची तार उपटा. लाल आला पाहिजे. परत लावा आणि पॉइंट काडीने अर्धवट सरकवा, तरी लाल. डायमंडचे दोन्ही टॉगल एकदम दाबा, हिरवा एकाच बाजूला. यातलं एकही जमलं नाही तर लेआउटवर गाडी सोडू नका. एकच दिवा बंद असेल तर त्याचा रेझिस्टर आणि सांधा बघा, तिन्ही बंद असतील तर निळी तार किंवा अडॅप्टर. तार हलवल्यावर लुकलुकत असेल तर सोल्डर कोरडं बसलंय, वितळवून पुन्हा मारा.

शेवटी इंजिन चालवत तासभर सगळं सुरू ठेवा. मोटरच्या ठिणग्यांनी रिले फडफडत असेल तर कॉइलच्या तारा रुळांच्या तारांपासून वेगळ्या न्या.

उन्हाळ्यात लेआउटच्या खोलीत कूलर लावत असाल तर मायक्रोस्विच पूर्ण बंद डब्याचाच घ्या. त्या दमट हवेने उघडे कॉन्टॅक्ट काळे पडतात, आणि जूनमध्ये पॉइंट बरोबर असूनही सिग्नल लालवर अडून बसतो. अशा वेळी वायरिंगला हात घालण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बघा.