पोकलेनचा एअर फिल्टर टायरवर आपटू नका

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, त्यात मुरमाची आणि क्रशरची धूळ. ऑपरेटर सकाळी फिल्टर काढतो, टायरवर दोन-चार वेळा आपटतो, पुन्हा बसवतो. धूळ झडते खरी, पण तोंडाची रबरी सील चेपते, कागदाची घडी फाटते आणि त्या फटीतून गेलेली धूळ पिस्टन-रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) खाते. मग इंजिन ऑइल पिऊ लागतं.

फिल्टर रोज उघडायचाच नाही. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा इंडिकेटर लाल झाला की उघडा. आधी झाकणाखालचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह चिमटून साचलेली धूळ पाडा. तो फाटला असेल तर लगेच बदला. बाहेरचा फिल्टर हवेने साफ करताना हवा आतून बाहेर मारा, दाब ३० पीएसआयच्या आत. पंक्चरवाल्याची १०० पीएसआयची हवा थेट मारली तर कागदाला भोकं पडतात. नंतर आत बल्ब धरून अंधारात फिरवून बघा. एका ठिकाणी जरी टाचणीएवढा उजेड चमकला, तरी फिल्टर भंगारात.

आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतोच, बदलायचाच. बाहेरचा उघडलाय म्हणून त्याला उगाच हात लावू नका.

फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) होसचे, म्हणजे रबरी पाइपचे, क्लॅम्पही आवळून बघा. होसच्या आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर नवा फिल्टर टाकूनही उपयोग नाही, गळती शोधा.