कॉख, कोक की कॉच?

इंग्रजी वैद्यकीय पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा व्यवसाय. त्यात मला सगळ्यात जास्त छळलंय ते चार अक्षरी आडनावानं: के, ओ, सी, एच. एकदा बोलक्या पुस्तकाच्या संहितेत निवेदकासाठी मी त्याचा उच्चार बेधडक ‘कोच’ असा लिहून दिला. त्यानं तसाच वाचला आणि अख्खं प्रकरण पुन्हा ध्वनिमुद्रित करावं लागलं. त्यानंतर जर्मन आडनाव समोर आलं की मी काय काय पाहते, ते सांगते.

आधी हे माणूस कुठलं, ते शोधायचं. 1882 साली बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर करणारे रॉबर्ट कॉख. यातला ‘ख’ खाकरल्यासारखा, घशातून घासत येतो. न्यूयॉर्कचे माजी महापौर एड मात्र स्वतःला ‘कॉच’ म्हणवत, आणि अमेरिकेतले उद्योगपती चार्ल्स आणि डेव्हिड हे बंधू ‘कोक’. स्पेलिंग सगळ्यांचं एकच. इथे जर्मन व्याकरण दाखवून कुणाला सुधारायला जाऊ नये. ज्याचं नाव, त्याचा उच्चार.

माणूस जर्मनीतलाच असेल तर थोडे नियम उपयोगी पडतात. ‘ईआय’चा उच्चार ‘आय’, ‘आयई’चा दीर्घ ‘ई’. डब्ल्यूचा ‘व’, म्हणून वाग्नर. झेडसाठी तर आपल्याकडे तयार अक्षर आहे: ‘चाक’मधला च, ‘चहा’मधला नव्हे.

अर्थाचं म्हणाल तर कॉख म्हणजे स्वयंपाकी. श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, वेबर विणकर. क्लाइन म्हणजे लहान, हे अंगकाठीवरून पडलेलं नाव. आडेनाउअर म्हणजे आडेनाउ गावचा. पण शब्दकोश उघडून थेट अर्थ लावला की फसगत होते. नागेल म्हणजे खिळा, पण मूळ पुरुष बहुधा खिळे घडवणारा असायचा. कायझर आडनावाचं घराणं सम्राटाचं नसतं. आणि अर्थ कळला म्हणून आडनावाचं भाषांतर करायचं नसतं. यंत्रानं केलेल्या भाषांतरात कॉख कधीकधी ‘कुक’ होतात, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठंच असतं. नुसत्या मोठ्या अक्षरावरून आचारी कोण आणि आडनाव कुठलं, ते ओळखता येत नाही. अशा मजकुरात मी मूळ जर्मन वाक्य मागवतेच. घराण्यानं स्वतःच भाषांतर केलं असेल तर गोष्ट वेगळी: 1917 साली ब्रिटनमधल्या बाटेनबेर्ग मंडळींनी ‘बेर्ग’चा ‘माउंट’ करून माउंटबॅटन हे नाव घेतलं.

यू अक्षरावर दोन टिंबं असतील आणि ती छापता येत नसतील, तर यूपुढे ई लिहायचा. जर्मन पासपोर्टवरच्या यंत्रानं वाचायच्या ओळीतही म्युलरचं असंच होतं. टिंबं नुसती गाळू नका. मात्र कुणी स्वतःच गाळली असतील, तर ती पुन्हा चिकटवूही नका.

आडनावाच्या इंग्रजी अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी येत नाही. ती फक्त मालकी दाखवायला, कॉख यांच्या गृहीतकांसारखी. शुल्झला ‘ईएस’ लागतो. कोक बंधूंना नुसता ‘एस’, कारण शेवटचा उच्चार ‘क’. त्याच स्पेलिंगच्या कॉच कुटुंबाला मात्र ‘ईएस’! ही गंमत मला फार आवडते.

इंग्रजीत आडनावाचा सामान्य शब्द झाला की पहिलं अक्षर लहान होतं: डिझेल, ओहम, हर्ट्झ. हर्ट्झचं चिन्ह मात्र मोठ्या एचनं सुरू होतं, आणि फॅरनहाइटही मोठ्या एफनंच लिहितात. आडनावाआधी येणारा ‘फॉन’ लहान व्हीनं, वाक्याच्या सुरुवातीला सोडून. म्हणून जर्मन चान्सलर ओटो फॉन बिस्मार्क सूचीत बीखाली जातात. अमेरिकेत गेलेले रॉकेटवाले फॉन ब्राउन मात्र इंग्रजीत बहुतेकदा ‘फॉन’सकटच येतात.

शेवटचं दुखणं मायर. एकाच उच्चाराची चार सर्रास स्पेलिंगं: मधे ई किंवा ए, त्यापुढे आय किंवा वाय. एका संदर्भसूचीत दोन वेगळी दिसली, मी लेखकाला न विचारता एक करून टाकली. ती दोन वेगळी माणसं होती.