रेसकारच्या मॉडेलवर डेकल लावण्याआधी

वडोदऱ्यात पावसाळ्यात मॉडेलच्या गाडीवर लॅकर स्प्रे मारू नका. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात मी तो उद्योग केला आणि काळ्या बॉडीवर दुधी धुकं बसलं. सॉल्व्हंट भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल तिथेच धरते. कोरड्या दिवशी दुपारी काम करा.

पण खरी गंमत डेकलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्रांची. १:२४ च्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या) गाडीवर नंबर आणि जाहिराती चिकटवल्या की काही दिवसांनी कडेला चंदेरी झाक दिसते. दोष बहुतेक वेळा डेकलचा नसतो. मॅट रंग खरखरीत असतो, त्याच्या खाचांत हवा अडकते आणि तीच चमकते. म्हणून आधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा, थर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. मी दोन दिवस थांबतो, घरचे हसतात.

डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून थोडं थांबा. कागदावर आपोआप सरकायला लागलं की ओल्या ब्रशने गाडीवर ढकला. नखाने ओढाल तर फाटेल. जागेवर बसलं की कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढा. वळणाच्या जागी, म्हणजे मडगार्डवर, डेकल सॉफ्टनरचा, म्हणजे डेकल मऊ करणाऱ्या द्रावणाचा, एकच थेंब. त्यावर सुरकुत्या पडतील. घाबरू नका, हातही लावू नका. वाळताना बहुतेक सुरकुत्या आपोआप बसतात.

डेकलच्या वरून द्यायचा क्लिअर पहिल्यांदा अगदी हलका, धुक्यासारखा मारा. एकदम ओला थर दिलात तर डेकल आक्रसतं.