वर्कशीटवरचं चित्र कुणाचं? क्लिपआर्ट वापरायच्या आधी एवढं बघा

वर्कशीट करायला बसलात की चित्र शोधायच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका, हा कागद जाणार कुठे. वर्गातल्या पोरांच्या हातात जाऊन संध्याकाळी दप्तरात चुरगळणार, की पीडीएफ होऊन मांजलपूरपासून कारेलीबागेपर्यंत सगळ्या पालकांच्या ग्रुपवर फिरणार, की स्पायरल बाइंडिंग करून विकणार? चित्र तेच असलं तरी तिन्ही ठिकाणी हिशोब वेगळा लागतो, आणि आपल्या बडोद्यात मराठी वर्ग घेणाऱ्या काकू काय, ट्यूशनवाले सर काय, बालवाडीच्या बेन काय, सगळेच "शिकवायलाच तर आहे ने" म्हणून तिन्हीला एकच माप लावतात.

आधी कायदा काय म्हणतो ते, कारण तो आपल्याला वाटतो तेवढा कडक नाहीये. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ५२ म्हणजे काय काय केलं तर उल्लंघन धरत नाहीत त्याची लांबलचक यादी, आणि त्यात ५२(१)(आय) मध्ये आपल्या कामाचं वाक्य आहे : शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकता-शिकवताना केलेली नक्कल, परीक्षेच्या प्रश्नात घेतलेला भाग, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात घेतलेला भाग. म्हणजे युनिट टेस्टच्या पेपरात 'चित्र बघून पाच वाक्यं लिहा' म्हणून उत्तरायणाच्या पतंगांचं चित्र डकवलंत, किंवा पाठ शिकवताना फळ्याशेजारी चार्ट लावलात, तर घाबरायचं कारण नाही. दिल्ली युनिव्हर्सिटीतल्या झेरॉक्सवाल्याची केस आठवत असेल, मोठमोठे परदेशी प्रकाशक कोर्टात गेले होते, पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना गठ्ठे करून देतात म्हणून. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने 'शिकवताना' याचा अर्थ मोठा घेतला, नुसती वर्गातली चाळीस मिनिटं नाही तर अभ्यासक्रमासाठी लागणारं साहित्य तयार करणंही त्यात आलं, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी केस मागे घेतली.

पण तो निकाल घेऊन लगेच वर्कबुक छापायला धावू नका हं. ती सगळी चर्चा विद्यार्थ्यांना शिकवायला लागणाऱ्या प्रतींची होती, दुकानात ठेवून विकायच्या पुस्तकाची नव्हती. तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर, तुमच्याच मुलांना गृहपाठ म्हणून पाठवलेलं वर्कशीट शिकवण्याचा भाग आहे असं म्हणता येतं, तेच वर्कशीट यूट्यूब चॅनेलच्या खाली लिंक देऊन अख्ख्या जगाला वाटलंत, किंवा किंमत लावलीत, की ही सवलत पुरेल या भरवशावर बसू नये. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलाय, धंद्यात कमाईसाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. वर्कशीटवरून कुणी जेलमध्ये बसेल असं मला वाटत नाही, पण छापलेल्या प्रती परत घ्यायची वेळ आली तर तो खर्च खिशाला चांगलाच लागतो.

आता काही समजुती, ज्या प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतात. चित्रावर तो गोलातला सी नाही म्हणून ते फ्री, असं नसतं, चित्र काढलं त्या क्षणी हक्क लागू होतो, रजिस्ट्रेशनही लागत नाही. रंग बदलला, आरसा-उलटं केलं, वॉटरमार्कवर पांढरा चौकोन ठेवला की आपलं झालं, हेही नाही, वॉटरमार्क पुसणं तर उलट तुम्हाला माहीत होतं याचा पुरावाच. आणि "गूगलवरून घेतलं" हे तर उत्तरच नाही, गूगल फक्त चित्र कुठे आहे ते दाखवतं, मालक दुसराच कुणीतरी असतो.

मग घ्यायचं कुठून? जुन्या लोकांना वर्डमधलं क्लिपआर्ट आठवत असेल, ते हसणारे सूर्य आणि पोट सुटलेले बाहुले, मायक्रोसॉफ्टने ती ऑनलाइन लायब्ररी २०१४ च्या शेवटी बंद केली आणि तेव्हापासून वर्ड-पॉवरपॉइंटमध्ये ऑनलाइन पिक्चर्स म्हटलं की बिंगचा सर्च उघडतो. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण चालू ठेवा, म्हणजे काढणाऱ्याने काही अटींवर वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवलेली चित्रं, याचंच छोटं नाव सीसी. गूगलमध्येही इमेजेसमध्ये गेल्यावर टूल्स, मग यूसेज राइट्स, मग क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सेस. पण तिथेच थांबू नका, चित्रावर क्लिक करून मूळ पानावर जा आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा, कारण सर्च इंजिन चुकीचंही सांगतं आणि नंतर जबाबदारी घेत नाही. ओपनक्लिपआर्टवरची चित्रं सीसी झिरोची, म्हणजे काढणाऱ्यानेच हक्क सोडून दिलेत, नावही द्यावं लागत नाही, दिसायला जरा जुनाट असतात पण बालवाडीला चालतात. पिक्साबेवरची विकायच्या पुस्तकातही वापरता येतात, फक्त चित्र जसंच्या तसं सुटं विकायचं नाही, आणि ते पूर्वी सीसी झिरो होतं, २०१९ पासून त्यांचं स्वतःचं लायसन्स आहे, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका. फ्रीपिकवर फुकट घेतलं तर श्रेय द्यावंच लागतं. कॅनव्हा या डिझाइनच्या साइटवर मुकुटाची खूण असलेलं एलिमेंट, म्हणजे तयार चित्र, पैसे भरून घ्यायच्या प्रोचं असतं, आणि फ्री असो की प्रो, एकटं एलिमेंट पीएनजी करून 'फळांची शंभर चित्रं' असा पॅक वाटायचा नाही.

मराठी माध्यमाच्या किंवा मराठी वर्गाच्या मुलांसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मुलांच्या सचित्र गोष्टींची साइट. तिथली चित्रं आपल्याकडच्या चित्रकारांनी काढलेली, आजी नऊवारीत दिसते, रिक्षा रिक्षासारखी दिसते, परदेशी क्लिपआर्टमधल्या पिवळ्या स्कूलबस आणि बर्फातली घरं बघून पोरं कंटाळलेली असतात. बहुतेक साहित्य सीसी बाय ४.० ला आहे, म्हणजे बदला, छापा, विकासुद्धा, फक्त नाव द्या.

हे 'बाय' वगैरे काय ते एकदा नीट डोक्यात बसवा, मग आयुष्यभर पुरतं. बाय म्हणजे श्रेय द्या. एसए असेल तर त्या चित्रात फेरफार करून जे नवीन कराल तेही त्याच लायसन्सला सोडावं लागतं. एनसी असेल तर कमाईसाठी नाही, विकायच्या वर्कबुकात तर घेऊच नका, आणि फी घेऊन चालणाऱ्या क्लासलाही मी तरी एनसीच्या वाटेला जाणार नाही, कशाला उगाच. एनडी असेल तर बदललेलं चित्र वाटायचं नाही, आणि इथे सगळे अडकतात, कारण वर्कशीट म्हटलं की आपण कापतोच, मागचं बॅकग्राउंड काढतो, रंग घालवून रंगवायचं चित्र करतो. म्हणून शोधतानाच एनडी वगळा.

श्रेय म्हणजे 'सौजन्य : इंटरनेट' नव्हे. चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, कुठून घेतलं, लायसन्स कुठलं, एवढ्या चार गोष्टी, आणि बदल केला असेल तर तेही. पानाच्या तळाला बारीक अक्षरात 'चित्र : पतंग, चित्रकार अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, रंग काढून टाकले' असं लिहिलं की झालं. खूप चित्रं असतील तर शेवटच्या पानावर एकत्र द्या. आणि हे डाउनलोड करतानाच एका एक्सेल शीटमध्ये टाकत जा, लिंक, तारीख आणि लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट, कारण सहा महिन्यांनी 'इमेज फायनल २' बघून काहीही आठवत नाही.

जुनी चित्रं वापरायची तर बडोद्यासारखं गाव नाही. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या जानेवारीपासून. राजा रवी वर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांचा हक्क कधीच संपला, सयाजीरावांनी त्यांच्याकडून करून घेतलेली चित्रं फतेहसिंग म्युझियममध्ये मुलांना दाखवायची आणि पौराणिक गोष्टींच्या वर्कशीटवर त्यांचीच चित्रं घ्यायची, कार्टूनसारख्या मोठ्या डोळ्यांच्या कृष्णापेक्षा शंभरपट बरी. चित्रकार धुरंधर १९४४ ला गेले, तेही मोकळे. पण चित्रकार बेंद्रे, ज्यांनी इथे फाइन आर्ट्समध्ये इतकी वर्षं शिकवलं, ते १९९२ ला गेले, म्हणजे २०५२ संपेपर्यंत परवानगी लागणार. आणि एक सावधगिरी, रवी वर्मा प्रेसचा शिक्का असलेलं प्रत्येक कॅलेंडर त्यांनी स्वतः काढलेलं नाही, प्रेस त्यांच्यानंतरही चालू होता. तसंच कुणी जुन्या चित्रावरून नवीन डिजिटल चित्र केलं असेल तर त्या नव्या कामाचा हक्क त्याचा.

एक अजून सवलत आहे जी फार कुणी वापरत नाही. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचं चित्र किंवा फोटो काढून छापायला कलम ५२ मोकळीक देतं, इमारतींच्या बाहेरच्या फोटोचंही तसंच. मग 'आपलं गाव' धड्याला काळ्या घोड्याचा पुतळा, सूरसागर तलावातला शंकर, न्यायमंदिराची इमारत यांचे फोटो तुमच्याच मोबाइलने काढा की! भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्रांना मात्र हे लागू नाही.

छोटा भीम, डोरेमॉन वगैरे मंडळींना विकायच्या कागदावर घेऊच नका, तिथे कॉपीराइटबरोबर ट्रेडमार्कही येतो, आणि स्वतःच्या हाताने काढला तरी भीम तो भीमच. आंबा, पतंग, खारूताई या मात्र कुणाच्या बापाच्या नाहीत, स्वतः काढा. वर्गातल्या मुलांकडून काढून घेतलं तर फारच छान दिसतं, पण मुलाच्या चित्राचा हक्क मुलाचा असतो, पुस्तकात घ्यायचं तर आईवडिलांकडून दोन ओळी लिहून घ्या आणि चित्राखाली पोराचं नाव छापा. आणि तुम्ही शाळेच्या नोकरीत राहून, त्या कामाचा भाग म्हणून केलेली वर्कशीट, वेगळा करार नसेल तर शाळेची धरली जातात, ती बाहेर विकायच्या आधी ऑफिसमध्ये विचारा.

भारताचा नकाशा क्लिपआर्ट साइटवरून घेत असाल तर वरचं टोक नीट बघा. काश्मीर कापलेले नकाशे परदेशी साइटवर सर्रास असतात, आणि सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्याच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे, मग चित्राचं लायसन्स कितीही फ्री असो.

एवढं करूनही कुणाचा मेसेज आलाच की हे चित्र माझं आहे, तर आधी फाइल टाकली असेल तिथून काढून घ्या आणि मग बोला. एक्सेल शीटमधली लिंक आणि स्क्रीनशॉट पाठवा, बऱ्याचदा तिथेच मिटतं, कारण दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून साइटवर टाकणारेही असतात आणि खऱ्या मालकाला तुमच्यामुळेच असा चोर सापडतो. चित्र ठेवायचंच असेल तर सरळ विचारा, बरेच चित्रकार थोड्या पैशात किंवा नुसत्या नावावर हो म्हणतात. फक्त तो होकार फोनवर घेऊ नका, मेल मागा, त्यात कुठलं चित्र, कुठल्या पुस्तकात आणि किती प्रतींसाठी हे तिन्ही लिहिलेलं असू दे.