जीडीबीच्या पायथन स्क्रिप्टमधला रंगीत मजकूर: या चुका टाळा

गोव्यात वेर्ण्याला बोर्डावर फर्मवेअर चढवणारे असोत की फर्मागुडीला प्रोजेक्ट करणारी मुलं, जीडीबीची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या डिबगरची, पायथन स्क्रिप्ट लिहायला घेतली की बहुतेकांचं एकाच जागी अडतं. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं छान रंगीत दिसतं. तीच स्क्रिप्ट दुसऱ्याने चालवली की एक तर रंग गायब होतात, नाहीतर ओळीओळीत चौकोनी कंस आणि आकडे सांडलेले दिसतात.

जीडीबीत रंग आले ते ८.३ आवृत्तीत, २०१९ साली. फंक्शनची नावं, फाइलींची नावं, पत्ते हे सगळं जीडीबी स्वतः रंगवतो आणि समोर टर्मिनल आहे की नाही तेही स्वतःच बघतो. ‘टर्म’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ‘डंब’ असेल, तर तो रंग काढतच नाही. सिरियल कन्सोलवर किंवा एडिटरच्या आतल्या शेलमध्ये रंग दिसत नसतील तर आधी हा व्हेरिएबल बघा. ‘बॅच’ पर्याय देऊन चालवलं तरी रंग बंद होतात. तिथे ते हवेच असतील तर ‘ईएक्स’ पर्यायातून ‘सेट स्टाइल इनेबल्ड ऑन’ द्यावं लागतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रिंटमध्ये एस्केप कोड (टर्मिनलला रंग बदलायला सांगणारी खास कॅरेक्टरं) हाताने कोंबणं. जीडीबी स्वतःचे रंग आवरतो, तुमचे नाही. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की त्याचे रंग आपोआप जातात, तुमचे कोड मात्र फाइलमध्ये तसेच राहतात आणि नंतर ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड चालवताना डोकं उठवतात. मग लोक शहाणपणाने पायथनच्या ‘सिस’ मॉड्यूलमधल्या ‘एसटीडीआउट’ला (आउटपुट जायच्या वाटेला) ‘इझएटीटीवाय’, म्हणजे समोर टर्मिनल आहे का, असं विचारतात, आणि नेमके तिथेच फसतात. जीडीबीच्या आत हा एसटीडीआउट खरा नसतो. जीडीबीने त्या जागी स्वतःचा ऑब्जेक्ट बसवलेला असतो आणि त्याचं उत्तर कायम ‘फॉल्स’ असतं. रंगांच्या तयार लायब्रऱ्या इथे मुक्या का होतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. त्याऐवजी ‘ओएस’ मॉड्यूलच्या ‘इझएटीटीवाय’ला १ हा फाइल डिस्क्रिप्टर (खऱ्या आउटपुटचा क्रमांक) द्या, आणि जोडीला ‘जीडीबी डॉट पॅरामीटर’कडून ‘स्टाइल इनेबल्ड’ची किंमत घ्या. दोन्हींचा होकार असेल तरच रंग लावा. नुसत्या पॅरामीटरवर विसंबू नका, कारण आउटपुट फाइलमध्ये जात असतानाही तो ‘ट्रू’ सांगू शकतो.

व्हेरिएबलची किंमत छापायची असेल तर एवढं करायचीही गरज नाही. व्हॅल्यू ऑब्जेक्टच्या ‘फॉरमॅट अंडरस्कोर स्ट्रिंग’ला ‘स्टायलिंग’ हा आर्ग्युमेंट ‘ट्रू’ द्या. तो न दिल्यास साधा मजकूर मिळतो, आणि दिला तरी वापरणाऱ्याने स्टाइल बंद ठेवली असेल तर कोड येत नाहीत. स्क्रिप्टने वापरणाऱ्याचं ऐकावं ते असं.

आता रकाने. समजा बसथांब्यांची यादी ठेवणारा स्ट्रक्चर आहे, थांब्याचं नाव २० अक्षरांच्या रकान्यात बसवायचं आहे आणि बंद थांबा लाल दाखवायचा आहे. लाल रंगाचा कोड ५ कॅरेक्टरांचा, मूळ रंगावर परत आणणारा ४ कॅरेक्टरांचा. आधी रंगवून मग रिकाम्या जागा भरल्या तर पायथन ही ९ कॅरेक्टरंही मोजतं आणि नेमकी लाल ओळच ९ घरं डावीकडे सरकते. म्हणून आधी जागा भरा, मग रंगवा. नावं देवनागरीत असतील तर अडचण आणखी वाढते: ‘म्हापसा’ची लांबी पायथन ७ सांगतं, पडद्यावर अक्षरं तीनच. असा रकाना ओळीच्या शेवटी ठेवणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

‘जीडीबी डॉट एक्झिक्यूट’चा निकाल स्ट्रिंगमध्ये घेऊन त्यातून पत्ते शोधणार असाल, तर ते काम स्टाइल बंद ठेवूनच करा. पण सुरुवातीला बंद आणि शेवटी चालू असं लिहू नका. मध्ये एरर आला की शेवटची ओळ चालतच नाही आणि समोरच्याचे रंग सत्रभर गेलेले राहतात. ‘जीडीबी डॉट विथ अंडरस्कोर पॅरामीटर’ वापरून विथ ब्लॉक लिहा, म्हणजे जुनी किंमत एरर आला तरी परत बसते. कमांड लाइनवर एकाच कमांडपुरतं हवं असेल तर ‘विथ स्टाइल इनेबल्ड ऑफ’, पुढे दोन डॅश आणि मग कमांड.

प्रिटी प्रिंटरमध्ये, म्हणजे किंमत वाचायला सोपी करून दाखवणाऱ्या कोडमध्ये, रंग घालूच नयेत असं माझं ठाम मत आहे. त्याचा डिस्प्ले हिंट (किंमत कशी दाखवायची याची सूचना) ‘स्ट्रिंग’ असेल तर रंगाऐवजी अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश ०३३ छापून येतं. हिंट नसेल तर तेच कोड एडिटरच्या व्हेरिएबल खिडकीत जाऊन बसतात.

प्रॉम्प्ट रंगवल्यावर लांब कमांड टाइप करताना ओळ स्वतःवरच चढत असेल, तर रीडलाइन ही टाइप केलेली ओळ सांभाळणारी लायब्ररी तुमचे कोड रुंदीत मोजतेय. ‘सेट एक्स्टेंडेड-प्रॉम्प्ट’मध्ये कोडच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडता चौकोनी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद होणारा कंस टाका. साध्या ‘सेट प्रॉम्प्ट’मध्ये हेच काम बॅकस्लॅश ००१ आणि बॅकस्लॅश ००२ करतात.