मिरगाआधीचं जळण आणि मध्यम आकाराचं कटर मशीन

उसाचा फड मोकळा झाला की काजू वेचायला सुरुवात होईपर्यंत मधे थोडे दिवस हाताशी असतात. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणीकडच्या आपल्या माणसांचं वर्षाचं जळण याच दिवसांत होतं. बांधावरची नीलगिरी, अकेशिया, वाळलेला एखादा जांभूळ आत्ता तोडून फोडून ठेवला, तर मिरगापर्यंत त्याला तीन-चार महिन्यांचं ऊन मिळतं. मे महिन्यात घाईनं तोडलेलं ओलं लाकूड पावसाळाभर चुलीत नुसतं धुमसतं, आणि तो धूर घरातल्या बायकांच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे चेनवर चालणारं लाकूड कापायचं कटर मशीन घ्यायचं मनात असेल तर ते आत्ताच बघा.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती सीसीचं देऊ?" सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचं माप, घनसेंटिमीटरमध्ये. मी म्हणेन, आधी तुमचं लाकूड सांगा. घरच्या जळणाला येणारा बहुतेक माल वितीपासून हातभर जाडीचा असतो. त्याला ४५ ते ५० सीसीचं इंजिन आणि १६ इंची पट्टी, म्हणजे जिच्या कडेनं चेन फिरते ती, पुरते. ३० सीसीच्या आसपासचं छोटं मशीन फांद्या सवळायला, काजूची छाटणी करायला फार चांगलं, पण वाळलेल्या अकेशियाच्या बुंध्यात ते दमतं. ७० सीसीचं मशीन जुना आंबा आडवा करणाऱ्या रोजच्या लाकूडतोड्याचं. घरच्या माणसानं ते घेतलं तर महिन्यातून दोन दिवस चालवणार आणि दर वेळी कंबर धरून बसणार.

आकड्यांतून बघू. स्टील (Stihl) कंपनीचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं, २.३ किलोवॅटचं म्हणजे साधारण तीन एचपीचं, वजन ४.६ किलो. त्याच कंपनीचं एमएस २७१ हे ५०.२ सीसी, २.६ किलोवॅट, ५.६ किलो. म्हणजे किलोभर जास्त वजन उचलून ताकद वाढली ०.३ किलोवॅटनं. एमएस २६१ सुद्धा ५०.२ सीसीचंच, पण ३ किलोवॅट देतं आणि वजन ४.९ किलो. सीसी तेच, तरी हातातला फरक मोठा, कारण ते रोज राबणाऱ्यांसाठी बांधलेलं आहे आणि किंमतही तशीच आहे. हुस्कवर्ना या दुसऱ्या कंपनीचं ४४५ घेतलं तर ४५.७ सीसी, २.१ किलोवॅट, ४.९ किलो. मोठ्या गटातलं एमएस ३८२ हे ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, ६.२ किलो. तेव्हा सीसी विचारलात की लगेच किलोवॅट आणि किलोही विचारा आणि किलोवॅटला किलोनं भागा. एमएस २५० ला किलोमागे अर्धा किलोवॅट पडतो. जळणाच्या मशीनला एवढं प्रमाण असलं की काम अडत नाही.

कागदावरचं वजन मात्र पट्टी, चेन आणि तेलाशिवायचं असतं. १६ इंची पट्टी, चेन, पेट्रोल आणि चेनचं तेल धरलं की ४.६ किलोचं मशीन हातात सहा किलोच्या वर जातं. म्हणून दुकानात रिकामं मशीन उचलून "हलकं आहे की" म्हणू नका. सगळं भरायला सांगा, वाकून पाच मिनिटं कापायच्या पवित्र्यात धरा, मग ठरवा.

बाजारात ५८ सीसी, २२ इंची पट्टी असं ठळक लिहिलेली स्वस्त मशीनंही भरपूर आहेत. आकड्याला भुलण्याआधी एक हिशेब करा. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव माहितीपुस्तिकेत असते. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले धाव, सगळं सेंटिमीटरमध्ये. व्यास ४५.२ मिमी आणि धाव ३४ मिमी लिहिली असेल, तर उत्तर साडेचोपन्न सीसीच्या आसपास येतं, ५८ नाही. आणि लांब पट्टीनं ताकद वाढत नाही, उलट तेवढीच ताकद जास्त चेन ओढण्यात जाते. १६ इंची पट्टीनं दोन्ही बाजूंनी कापून दोन फुटांपेक्षा जाड ओंडकाही मोकळा होतो. मी स्वतः पहिल्यांदा असंच लांब पट्टीचं स्वस्त मशीन घेतलं. दुसऱ्याच हंगामात त्याचा तेलपंप गेला. तो मिळेना, चेन कोरडी पळून पट्टी निळी पडली, आणि जळण शेवटी कुऱ्हाडीनंच फोडावं लागलं. तेव्हापासून मशीनच्या आधी मी सुटे भाग आणि दुरुस्तीवाला बघतो. बेळगावात किंवा तालुक्याच्या गावी ज्याची चेन, प्लग, तेलपंप त्याच दिवशी मिळतो, ते मशीन तुमचं. दोन मशीनं तोलामोलाची वाटली तर याच गोष्टीवर निकाल लावा.

आता चेन, कारण खरी कापणी तीच करते. धार गेलेल्या चेनीवर ५० सीसीचं मशीन ३० सीसीसारखं वागतं. ओळखायचं भुशावरून: धारदार चेन जाड, चपट्या ढलप्या फेकते, बोथट झालेली पिठासारखी भुकटी सोडते. भुकटी दिसली की थांबा. मशीन दाबून कापू नका, दाबल्यानं पट्टी तापते आणि इंजिनही. कानस गोल हवी आणि चेनीच्या मापाचीच हवी: ०.३२५ इंच पिचला (पिच म्हणजे चेनीच्या कड्यांच्या अंतराचं माप) ४.८ मिमी, छोट्या मशीनच्या बारीक ३/८ चेनीला ४ मिमी. बहुतेक चेनींना तीस अंशांचा कोन, प्रत्येक दाताला आतून बाहेर सारखेच दोन-तीन हात. एका बाजूला जास्त घासलं तर मशीन लाकडात तिरकं जातं. टाकी संपली की धार बघायची सवय लावा.

आपल्याकडे चेनीचा मोठा वैरी म्हणजे जांभ्याची माती. बैलानं किंवा ट्रॅक्टरनं ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत खडे बसलेले असतात. कुऱ्हाडीच्या पाठीनं साल झाडा, मगच पट्टी लावा. जमिनीवर पडलेला ओंडका आरपार कापायला गेलात तर शेवटच्या इंचात चेन मातीत शिरते आणि अर्ध्या मिनिटात सगळी धार जाते. सगळे काप पाऊण खोलीपर्यंत घ्या, मग ओंडका लोळवून उरलेला पाव भाग वरून कापा. दोन टोकांवर टेकलेल्या लाकडाला आधी वरून तिसरा भाग कापून मग खालून भिडायचं, नाहीतर लाकूड मिटतं आणि पट्टी अडकते. हातभर जाडीपर्यंतच्या मालाला ओंडका वर ठेवायला लाकडाची घोडी करून घ्या, कंबर वाचते. नीलगिरी ओली असतानाच तुकडे करून फोडा. वाळली की ती चेनीलाही जड आणि कुऱ्हाडीलाही. बंबाला आणि चुलीला सव्वा फुटाचे तुकडे बरे पडतात.

इंधनात चूक झाली तर मशीन वाचत नाही. टू-स्ट्रोक आहे, नुसतं पेट्रोल कधीही घालायचं नाही. कंपनीचं ५० ला १ चं तेल असेल तर लिटरला २० मिली. साधं टू-टी तेल वापरायचं तर स्टील २५ ला १ सांगतं, म्हणजे लिटरला ४० मिली. हुस्कवर्ना ३३ ला १ सांगतं, म्हणजे सुमारे ३० मिली. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसातून आलेलं. त्याला पाणी धरायची सवय आहे आणि ते रबराच्या नळ्याही खातं. म्हणून पुरतं तेवढंच मिश्रण करा आणि महिन्याच्या आत संपवा. चेनीला गाडीचं जळकं काळं तेल घालू नका. त्यात धातूचा कीस असतो, पंप आणि पट्टी दोन्ही झिजतात.

सगळं कापणं घराच्या अंगणातच असेल तर विजेवरचं दोन किलोवॅटचं मशीनही विचारात घ्या. पेट्रोल-तेलाची कटकट नाही, आवाज कमी. मात्र जाड वायर लागते आणि हेस्कॉमच्या विजेचा दाब पडला की मोटर तापते.

आता जिवाची गोष्ट. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, डोळा लवायच्या आत. त्यासाठीच पुढचा ब्रेक असतो. तो रोज तपासा, आणि ब्रेक नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. सुरू करताना मशीन जमिनीवर, मागच्या मुठीत पाय, ब्रेक लावलेला. खांद्याच्या वर उचलून कापायचं नाही, शिडीवर किंवा झाडावर चढून तर मुळीच नाही. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, कानाला बोळे नव्हे, इअरमफ लावा. पायात चप्पल नको, जाड बूट. लुंगी, टॉवेल, सैल शर्ट घरी ठेवा. आणि कधीच एकटे जाऊ नका, हाकेच्या अंतरावर माणूस हवा.

मशीन घेतलं म्हणजे कोणतंही झाड तोडता येतं असं नाही. १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानं स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही परवानगी लागते. नीलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक यांना त्यातून सूट आहे. बाकीच्या झाडाला हात लावण्याआधी उतारा घेऊन वन खात्याच्या रेंज ऑफिसात विचारून या. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांनी तर हे फार जपावं. जंगलात मशीन सापडलं तर लाकडाबरोबर तेही जप्त होतं.

जळण रचून झालं, मिरगाचे ढग आले, की मशीनची टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. पट्टी काढून खोबणीतला गाळ खरवडा, उलटी करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. चेन तेलात बुडवून ठेवा, आणि मशीन चुलीपासून लांब, कोरड्या माळ्यावर.